चाक्याला आवतन देणारी वयनी

वयनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याकडच्या मालेगावातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. बियाण्यांचं, खतांचं दुकान आहे माझं, आणि फवारणीचे दिवस लागले की भांडणाशिवाय माझा दिवस सरत नाही. समोरचा म्हणत होता औषध पातळ निघालं, मी म्हणत होतो तू पाणीच जास्त टाकलंस... तेवढ्यात मेडशीहून दादाचा, माझ्या मोठ्या भावाचा फोन. दादा फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नाही. "दुकान बंद कर अन् ये," म्हणाला. मी म्हटलं, "काहून? काय झालं?" तर म्हणाला, "तुही वयनी जेवून जराशीक पडली होती... उठलीच नाई रे." भांडणाऱ्या माणसाने माझं तोंड पाहिलं, विचारलं, आणि मी सांगितलं तसा तो म्हणाला, "मेडशीच्या बाई? चाक्यावाल्या? अरे बापा... मायी पोट्टी त ते पुस्तक उशाले घेऊन झोपते भाऊ." माझ्या हातातून किल्ल्या घेऊन त्यानेच शटर ओढलं. तो कोण, कुठल्या गावचा, मला आजही ठाऊक नाही. पण त्या दिवशी मोटारसायकलवरून मेडशीकडे जाताना मी रडत होतो आणि रडता रडता माझी छातीही फुगत होती, हे खरं सांगतो.

वयनी म्हणजे सुमन. पुस्तकावर ते नाव छापलंय म्हणून इथे लिहितो, नाहीतर मेडशीत तिला त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. अंगणवाडीतल्या पोरांची ती बाई, दादाची 'अवं', आणि माझी वयनी. ज्यांनी तिचं 'चाक्याचं आवतन' वाचलं नसेल, त्यावरचा सिनेमाही पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बनी नावाची एक पोरगी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या चाक्या नावाच्या लाकडी बैलाला जेवायचं आमंत्रण, म्हणजे आवतन, देते आणि दुसऱ्या दिवशी तो खरोखरच जेवायला येतो. दारात मावत नाही, शिंगं छपराला लागतात. तीन पायांना खूर फुटलेले, पण चौथ्या पायाला अजून चाक म्हणून लावलेलं बुटपॉलिशच्या डबीचं झाकणच, म्हणून तो चालला की खडखड-टिक, खडखड-टिक वाजतं. अख्ख्या गावाच्या पुरणपोळ्या फस्त करतो. मग बनीला पाठीवर घेऊन आभाळातल्या गायरानात जातो, तिथे गावचे आजवर गेलेले सगळे बैल चरत असतात, कोणाच्याच खांद्यावर जू नसतं. आणि दिवस बुडायच्या आत घरी येऊन तो पुन्हा लाकडाचा होतो. एवढीच गोष्ट. पण ती पोरांना सांगून पाहा, मग कळेल.

या सगळ्याची सुरुवात एका चुकीपासून झाली आणि त्या चुकीचा मी साक्षीदार आहे. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुतात, जू घासून घासून निबर झालेल्या त्यांच्या खांद्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद लावतात आणि कानाशी जाऊन म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर राबवलेल्या जनावराला पाहुण्यासारखं रीतसर बोलवायचं. वयनीचं माहेर जऊळक्याचं. तिचे वडील रेल्वेत होते, घर स्टेशनाजवळ. तिला कुठली गाडी किती उशिरा येते ते सांगता यायचं, पण बैलाच्या जवळ जायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. लग्नानंतरचा तिचा पहिलाच पोळा. माझी माय तिच्या हातात तूप-हळदीची वाटी देऊन म्हणाली, "जाय वं, बैलाईले आवतन देऊन ये." वयनी गेली आणि लगेच परत आली. "देलं?" "देलं." मायला शंका आली. गोठ्यात जाऊन बघते तर दोन्ही बैलांचे खांदे कोरडे ठणठणीत! आणि ओसरीवर माझा लाकडी बैल, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, मी ओढायचो तो, खांद्यापासून चाकांपर्यंत तुपाने न्हालेला.

घर हसून लोटपोट झालं. दादा नवा नवरदेव, त्याचं तोंड लाजेने लालबुंद. शेजारच्या बाया मुद्दाम बघायला आल्या. मी तेव्हा प्राथमिक शाळेत, आणि मला मात्र यात हसण्यासारखं काही दिसेना. माझ्या बैलाला आजवर कोणी विचारलं नव्हतं, आता रीतसर आवतन मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी पंगत बसली तसा मी बैल शेजारी घेऊन बसलो आणि विचारलं, "याचं ताट कुठाय?" दादाने हात उगारला, "लाकडाले कायचं आवतन बे!" तेव्हा वयनी, जी लग्न झाल्यापासून मोठ्यांसमोर तोंड उघडत नव्हती, पदर सावरून म्हणाली, "आवतन देलं हाय, त वाढा लागन." आणि वाढलं की तिने! पोळी, वरून तुपाची धार, बाजूला भजी. त्या दिवसापासून मी तिचा झालो. पुढे खूप वर्षांनी मी तिला विचारलं, "खरं सांग वयनी, तू चुकली होती का मुद्दाम केलं?" तर म्हणाली, "चुकली कायची, मी भेली होती! तुमचा थो पांढरा बैल काय डोये वटारून पाहे, मायबाई! म्हटलं याच्या कानाशी कोन जाईन? त्याच्याहून हा बरा, मारत नाई अन् चावत नाई."

पुढे ती गावच्या अंगणवाडीत लागली आणि पोरांना ही गोष्ट सांगू लागली. दरवर्षी गोष्ट थोडी वाढायची. एका वर्षी चाक्या नुसताच जेवून गेला, पुढच्या वर्षी आभाळात गेला, त्यापुढच्या वर्षी त्याला तिथे जुने बैल भेटले. मग चित्रं आली. त्यांना कागद माझ्या दुकानातला. बियाण्यांच्या कंपन्या कॅलेंडरं देतात, वर्ष संपलं की त्यांच्या कोऱ्या पाठी वयनीच्या. रंग कधी बाजारातले, नाहीतर घरचेच... हळद, नीळ, काजळ, पळसाच्या फुलांचा भगवा. "माझं दुकान नसतं तर तुझं पुस्तक नसतं," असं मी तिला ऐकवायचो. "व्हय बापा," ती म्हणायची, "चित्रं त सारे तुमीच काढले, मी नुसती कुची धरली." तिची एक पद्धत होती. चित्र पोरांसमोर धरायचं आणि चित्राकडे न बघता पोरांकडे बघायचं. एखादं पोरगं खिडकीबाहेर बघू लागलं किंवा शेजारच्याला चिमटा काढू लागलं की ते चित्र बाद. "पोट्टं हाललं म्हनजे चित्र चुकलं." घरी येऊन पुन्हा काढायची. एकेक पान असं कितीदा तरी काढलंय तिने, आणि दादा बाजूला बसून तंबाखू मळत म्हणायचा, "लाकडाच्या बैलापायी चूल इझून राह्यली, तिकडं पाह्य." ती बघायची नाही. मग दादाच उठून चुलीत फुंकर घालायचा.

गावातल्या शाळेत एक मास्तर आले, त्यांनी ही पानं पाहिली आणि एका प्रकाशकाला दाखवली. प्रकाशकाने चांगला जाड कागद पाठवला, म्हणाले यावर पुन्हा काढा, कारण कॅलेंडरच्या पुढच्या बाजूचे आकडे मागून फिकट दिसतात. वयनीने प्रयत्न केला. त्या पांढऱ्याशुभ्र कागदावर तिचा हातच चालेना. "याच्यावर चाक्या पावना आल्यावानी अवघडून बसते," म्हणाली आणि तो कागद त्यांना परत पाठवला. शेवटी जुनीच पानं छापली, आकड्यांसकट. म्हणून पुस्तकात चाक्या आभाळात चालतो तेव्हा त्याच्या भोवती उलटे आकडे चांदण्यांसारखे पसरलेले दिसतात. पोरं ते आरशात धरून वाचतात म्हणे. मी पुस्तकाचा गठ्ठा दुकानात काउंटरवर ठेवला. फवारणीचं औषध न्यायला आलेला माणूस पुस्तक घेऊन जायचा, आणि मी प्रत्येकाला सांगायचो, "मायी वयनी हाय ही. आमच्या घरचा बैल हाय हा. मायाच बैल हाय खरं म्हनजे." लोक म्हणायचे, बावा, औषध द्या आधी.

मग सिनेमा आला. पुण्याची सायली नावाची मुलगी, हाताने काढलेल्या चित्रांचे सिनेमे करणारी. तिला हे पुस्तक कुठेतरी मिळालं आणि ती थेट आगगाडीने जऊळक्याला उतरली. मी मोटारसायकल घेऊन आणायला गेलो. वयनीने तिला चहा दिला, भाकर-वांग्याची भाजी खाऊ घातली, आणि दोघी चित्रं पसरून अशा बसल्या की मी आणि दादा घरात असून नसल्यासारखे. सगळं जमलं. अडलं ते शेवटापाशी. सायलीचं म्हणणं होतं, चाक्या पुन्हा लाकडाचा होतो तिथे लहान मुलं रडतील. सिनेमात त्याला जिवंत राहू द्या, बनीजवळ कायमचा. काही चुकीचं बोलत नव्हती ती, आर्जवाने सांगत होती, आणि तिच्यामागे जी मंडळी सिनेमाला उभी होती त्यांचाही तोच आग्रह होता. वयनी म्हणाली, "नाई."

मी हबकलो. आमच्या गावाचं नाव पडद्यावर येणार, वयनीचं नाव येणार, आणि ही बाई एका 'नाई'वर सगळं घालवून बसणार? मी तावातावाने म्हटलं, "राहू दे ना वयनी त्याले जित्ता! तुहं काय जाते?" ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, आवतन एका जेवनाचं असते. जेवला का पावना उठते. उठलाच नाई, त त्याले पावना कोन म्हनन? अन् पुढच्या साली मंग आवतन कोनाले द्याचं?" मी म्हटलं, "अवं, पोट्टे रडतीन!" "रडू द्या. मंग आवतन देतीन." सायली परत गेली. पत्र नाही, फोन नाही. मी रोज चिडायचो. मला वाटलं, गेलं हातातलं. दादा म्हणाला, "मी सांगतच होतो, लाकडाच्या बैलापायी..." वयनी दोघांकडेही बघेना, पण मी एकदा तिला चित्रांवरून हात फिरवताना पाहिलं आणि मला कळलं, तिलाही तो सिनेमा हवा होता, माझ्याहून जास्त हवा होता.

पोळा आला तसा तिनेच सायलीला फोन केला. "सिनेमाचं राहू दे बाई. पोळ्याले जेवाले ये. आवतन देऊन राह्यली मी." पोरगी आली. घरी आता बैल नाहीत, सगळं ट्रॅक्टरने होतं. पण चाक्याला वयनी दरवर्षी न चुकता तूप-हळद लावायची. त्या संध्याकाळी तिने चाक्याच्या खांद्याला लावलं आणि वळून सायलीच्या खांद्यालाही एक बोट लावलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." पोरगी हसत सुटली. दुसऱ्या दिवशी पंगत झाली. आग्रह असा की तिला श्वास घेता येईना. संध्याकाळी आम्ही तिला मेडशीच्या स्टँडवर एस.टी.ला सोडायला गेलो. गाडी आली, ती पायरीवर चढली आणि दांडा धरून वळली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "काकू, पुढच्या वर्षी पण बोलवाल ना?" वयनी म्हणाली, "हेच! हेच त पाह्यजे होतं मले तुह्या सिनेमात." कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी गेली, पण पोरीचा चेहरा मला खिडकीत दिसला, तिला कळलं होतं. पुढच्या आठवड्यात सायलीचा फोन आला, "शेवट पुस्तकातलाच राहील, मी सगळ्यांना पटवलंय." मी दुकानात पेढे वाटले. दादाने दोन खाल्ले आणि म्हणाला, "लाकडाच्या बैलाचे पेढे," आणि तिसरा उचलला.

चाकाच्या आवाजाचाही एक किस्सा आहे. सिनेमावाल्यांनी पुण्यात नाना खटपटी केल्या, पण वयनीला ऐकवलं की ती मान हलवायची. शेवटी ते माईक घेऊन आमच्या ओसरीवर आले. चाक्याला ओढायचा कोणी? वयनीचा हात हल्ली थरथरायचा, माझं ओढणं धसमुसळं. तेव्हा दादा उठला. धोतर सावरलं, दोरी धरली आणि चाक्याला ओसरीच्या फरशीवरून इकडून तिकडे ओढू लागला... सत्तरी गाठलेला माणूस, मिशा पांढऱ्या, तोंड गंभीर. शेजाऱ्याचा कोंबडा दर वेळी मध्येच आरवायचा आणि दर वेळी पुन्हा पहिल्यापासून ओढायचं. दादा एकदाही कुरकुरला नाही. वयनी खांबाला टेकून त्याच्याकडे बघत होती आणि असं हसत होती, जणू तिच्या पहिल्या पोळ्याचं सगळ्यांचं हसणं तिने आज व्याजासकट वसूल केलं.

सिनेमा पुण्या-मुंबईत लागला, पण वयनीची अट होती, मेडशीतही दाखवायचा. गेल्या हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर पडदा लागला. मेडशीचे तर आलेच, मालेगावहून, जऊळक्याहून, आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांतून लोक आले. ऊसतोडीला निघालेली काही बिऱ्हाडं एक दिवस थांबली आणि पोरांना घेऊन आली, कारण त्यांची पोरं वयनीच्या अंगणवाडीतली होती. पडद्यावर चाक्या दारात अडकला तेव्हा मैदान हसलं, आभाळातल्या गायरानात शिरला तेव्हा म्हातारी माणसं आपापल्या गेलेल्या बैलांची नावं घेऊ लागली. वयनी पडद्याकडे पाठ करून बसली होती. पोरांचे चेहरे बघत होती, नेहमीसारखी. चाक्या लाकडाचा झाला आणि पोरं मुसमुसली. एक चिमुरडी उठून ओरडली, "बाई, मी देतो त्याले आवतन!" मग सगळीच ओरडायला लागली. वयनीने माझ्याकडे बघितलं. मला एवढा अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता, माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. दादा मागे भिंतीला टेकून उभा होता. मी विचारलं, "कसा वाटला?" म्हणाला, "चाकाचा आवाज बराबर हाय."

आषाढ सरता सरता वयनी गेली. तिची लेक अकोल्याहून आली, दिवस झाले, लेक परतली. सायली तेराव्याला येऊन चाक्यासमोर बसून राहिली होती. आणि मग श्रावण संपत आला तसा मला एक घोर लागला. घरात माणूस गेलं की वर्षभर सण होत नाहीत. दादाने सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं, "यंदा आपल्या घरी पोळा नाई." बरोबरच होतं त्याचं. पण चाक्याला कोण विचारणार? माझ्या लहानपणापासून त्याचं आवतन एकदाही चुकलं नव्हतं. यंदा चुकलं तर तो नुसता लाकडाचा तुकडा होऊन बसेल, आणि वयनीने इतक्या वर्षांत जे उभं केलं ते आमच्याच घरात विझेल, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं. दादाला विचारायची हिंमत नव्हती. त्याने जन्मभर त्या बैलाची टिंगल केलेली. शेवटी आदल्या संध्याकाळी मी शटर लवकर ओढलं, बायकोकडून एका डबीत तूप-हळद कालवून घेतली आणि मेडशीला निघालो. ठरवलं होतं, दादा रागावला तर रागावला, भांडायला मी कुठे कमी आहे?

दादा ओसरीवर एकटाच बसला होता. समोर पाटावर चाक्या. मी खिशातली डबी चाचपत जवळ गेलो आणि थांबलो. चाक्याचा खांदा तुपाने चमकत होता. हळदीचा ओघळ पायावरून खाली त्या पॉलिशच्या झाकणापर्यंत आला होता, पाटाखाली पळसाचं पान पडलं होतं. मी म्हटलं, "कोनं लावलं?" दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंग काय तुही वाट पाहू?" मी शेजारी बसलो. डबी खिशातच राहू दिली. मग तो म्हणाला, "आवतन दोघाईले देलं मी."

दुसऱ्या दिवशी बायकोने मालेगावहून पुरणपोळ्या करून आणल्या. ओसरीवर ताटं मांडली. एक चाक्याचं, आणि त्याच्या बाजूला एक वयनीचं. दादाने आपल्या हाताने दोन्हींवर तूप वाढलं. आम्ही जेवलो, सावकाश. उन्हं उतरली तशी मला काय करावं कळेना. ती दोन ताटं तशीच राहू द्यावीत असं वाटत होतं... दिवसभर, रात्रभर, कायमची. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला ते कळलं असावं. "उचल आता," म्हणाला. "जेवन झालं त्यांचं. पुढच्या साली पुन्हा देऊ आवतन." मग तो गुडघ्यावर हात देऊन उठला, चाक्याची दोरी धरली आणि ओसरीवरून त्याला त्याच्या जागेवर घेऊन गेला. खडखड-टिक, खडखड-टिक.